घड्याळाखालची जागा

आमच्या दादाला नाही म्हणता येत नाही. ज्यांची कामं होतात ते त्याला देवमाणूस म्हणतात. आम्ही घरचे त्याला काय म्हणतो ते वहिनीला विचारा, आणि विचारायला जाल तेव्हा तिच्या हातात काही जड नाही ना, एवढं आधी बघून घ्या.

दादा पितळेच्या पाट्या कोरतो. दुकान एवढंसं, दोन माणसं आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. खिडकीखाली टेबल, टेबलावर लाकडी ठोकळा, ओळीने लावलेली कोरायची हत्यारं आणि दिव्याच्या दांड्याला बांधलेलं भिंग. दारावरच्या पाट्या, दवाखान्यांच्या, बक्षिसाच्या ढालींवरच्या, सगळ्या हाताने. शहरात मशिनवर कोरणारे आले, त्यांचं दहा मिनिटांत होतं, पण दादा दोन दिवस घेतो आणि अक्षर असं काढतो की बोट फिरवावंसं वाटतं. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून मला त्याच्याबद्दल दुसरंच सांगायचं आहे.

एकदा एका वकिलाने नावापुढे एक पदवी कोरून मागितली. ती त्याला अजून मिळायची होती. मी म्हटलं, "अरे, परीक्षा तरी होऊ दे त्याची." दादा म्हणाला, "होईल गं पास. अभ्यासू दिसतोय." वकील नापास झाला आणि पाटी दारावर राहिली. दादाला त्यात काही वावगं वाटलं नाही. समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून तो काहीही करेल. भीड भिकेची बहीण, असं आई त्याला जन्मभर सांगत राहिली, आणि त्याने तिलाही "बरोबर आहे तुझं" असंच म्हटलं.

जुन्या गाड्यांच्या मंडळात तो शिरला तोही पाट्यांमुळेच. जुन्या मोटारीच्या इंजिनाशेजारी एक छोटी पितळी पाटी असते. तिच्यावर गाडीचा नंबर आणि ती कोणत्या साली तयार झाली ते लिहिलेलं असतं. पन्नास-साठ वर्षांत ती गंजते, झिजते. मग मालक दादाकडे यायचे आणि दादा हुबेहूब तशीच नवी करून द्यायचा. मंडळातल्या चाळीस गाड्यांपैकी सव्वीस गाड्यांच्या पाट्या त्याच्या हातच्या. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. बाकीही सगळी बडी माणसं, कोणी कारखानदार, कोणी कंत्राटदार. दादाकडे तेव्हा गाडी नव्हती, पण माणूस कामाचा आहे हे त्यांनी पहिल्या दिवशीच ओळखलं.

वर्षातून एकदा सगळ्या गाड्यांचा एकत्र फोटो निघतो, गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यासमोर, फरसबंदी चौकात. गेली एकोणीस वर्षं हे सगळं खटलं दादाच्या गळ्यात आहे. फोटो म्हणजे बटण दाबलं की झालं, असं ज्यांना वाटतं त्यांनी चाळीस म्हाताऱ्या गाड्या एका चौकात आणून दाखवाव्यात. एकीला रिव्हर्स पडत नाही, तिला सरळ आत येऊन सरळ बाहेर जाता येईल अशीच जागा लागते. एक गरम झाली की बंद पडते, म्हणून तिला सगळ्यांच्या शेवटी बोलवायचं. एक ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही, ती उताराच्या बाजूला. दोन मालकांचं एकमेकांशी बोलणं नाही, त्यांच्यामध्ये किमान चार गाड्या हव्यात. त्यात पालिकेची परवानगी सात ते नऊ. पावणेआठला ऊन मनोऱ्यावरून खाली उतरतं आणि सव्वाआठला समोरच्या इमारतीच्या काचा चमकायला लागतात. फोटो काय तो त्या अर्ध्या तासात. दादा जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे चाळीस तुकडे मांडायचा, प्रत्येकावर गाडीचं साल, आणि आठवडाभर ते इकडून तिकडे सरकवत बसायचा. तो आठवडा आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच.

मधल्या जागेवरून मालकांची दर वर्षी हमरीतुमरी व्हायची, म्हणून दादाने नियम लिहिला. सगळ्यात जुनी गाडी घड्याळाच्या बरोबर खाली, बाकीच्यांच्या एक पाऊल पुढे, आणि मालक तिच्या उजव्या दिव्यापाशी उभा. मग सालाप्रमाणे एक डावीकडे, एक उजवीकडे. सगळ्यांना पटलं. मधोमध उभी राहायची ती एका निवृत्त न्यायाधीशांची अठ्ठावीस सालची गाडी, त्यामुळे वाद उरलाच नाही.

आता आमच्या गाडीचं सांगते. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सव्वीस वर्षं एका मोठ्या डॉक्टरांची गाडी चालवली. डॉक्टर गेल्यावर मुलं अप्पांना म्हणाली, "घेऊन जा ती, अंगणात जागा अडवतेय." गाडी बरीच वर्षं आमच्या मागच्या पत्र्याखाली पडून होती. दादाने अकरा वर्षांचे रविवार तिच्यावर घालवले आणि ती चालती केली. गाडी बत्तीस सालची, अप्पा तीस सालचे. "माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी," असं ते सांगतात. डॉक्टरांच्या घरी त्या गाडीचे ढीगभर फोटो होते. लग्नातले, सहलींचे, टपावर नातवंडं बसवलेली. अप्पा त्यांतल्या एकातही नव्हते, आणि याचं त्यांना वाईट वाटतं हे मला फार उशिरा कळलं. एकदा ते सहज म्हणाले, "गाडीबरोबर एक फोटो असायला हवा होता." तेवढंच म्हणाले, पण दादाने ते मनात धरून ठेवलं.

गाडी तयार झाली तेव्हा दादाने एक शहाणपणा केला. तिची मूळ पाटी चांगली वाचता येत होती, एका कोपऱ्याला थोडा हिरवा गंज एवढंच. पण सगळ्या गावाच्या पाट्या लखलखीत करणाऱ्याच्या गाडीला गंजकी पाटी कशी शोभेल? त्याने नवी कोरली, बसवली आणि जुनी मोडीच्या डब्यात टाकली. डबा भरला तेव्हा पितळ ओतणारा येऊन घेऊन गेला.

यंदा मनोऱ्याला शंभर वर्षं झाली. पालिकेने ठरवलं की या वर्षीचा फोटो माणसाच्या उंचीचा करून मनोऱ्याच्या खालच्या दालनात कायमचा लावायचा. त्यातच न्यायाधीश लेकीकडे कायमचे राहायला गेले आणि त्यांनी गाडी विकून टाकली. ही बातमी कळली त्या संध्याकाळी दादा चपला न काढताच आत आला.

"अप्पा, यंदा घड्याळाखाली आपली गाडी. आणि दिव्यापाशी तुम्ही."

अप्पांना आधी ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने सांगितल्यावर ते म्हणाले, "घड्याळाखाली म्हणजे, बरोब्बर खाली?"

तो प्रश्न त्यांनी पुढचे आठ दिवस विचारला. केस कापून आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायचे, पण बुटांना पॉलिश दुसऱ्याला करू दिलं नाही. एका बुटाला काळं लागलं, एकाला तपकिरी. वहिनीने ते गुपचूप पुसून दोन्ही काळे केले.

मग अध्यक्षांकडून टाइप केलेली यादी आली. मी ती वाचली आणि म्हटलं, "दादा, पहिलं नाव कंत्राटदारांचं आहे. एकतीस साल. आपली दुसरी."

दादा खुर्चीत बसला.

"ती एकतीसची नाही," तो म्हणाला. "चौतीसची आहे. एकतीस मी कोरलं."

पंधरा वर्षांपूर्वी कंत्राटदार नवीनच मंडळात आले होते. पाटीवरच्या सालाचा शेवटचा इंग्रजी आकडा झिजून गेलेला, नुसती उभी रेघ दिसायची. दादाने भिंगाखाली पाहिलं तर चाराची आडवी रेघ स्वच्छ होती. कंत्राटदार म्हणाले, "एकच असणार तो. तुम्ही एक कोरा. कोणाचं काय जातंय?" दादाने कोरला. त्या वेळी खरंच कोणाचं काही जात नव्हतं. पुढे सरकारी कागदही त्या पाटीवरूनच झाले. आजवर आमची आणि त्यांची गाडी न्यायाधीशांच्या गाडीच्या दोन बाजूंना असायची, त्यामुळे दोघींत आधीची कोणती हा प्रश्न कधी आलाच नव्हता. आणि गंमत अशी की दादाच्या डोक्यात सगळ्या गाड्यांची खरीच सालं होती. न्यायाधीशांची गाडी गेली म्हटल्यावर त्याने मनातल्या मनात मोजलं आणि आपली पहिली धरली. स्वतःचं खोटं स्वतःच विसरून तो अप्पांना शब्द देऊन बसला.

मला इतका राग आला की मी पुठ्ठ्याचे चाळीसही तुकडे टेबलावरून खाली ढकलले. तो ते वाकून गोळा करत बसला, म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कंत्राटदारांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी चांगलं बसवलं, पाणी मागवलं. दादा म्हणाला, "एकच वर्ष. म्हातारा माणूस आहे. पुढच्या वर्षी तुमचीच."

"पण नियम तुमचाच ना?" कंत्राटदार हसून म्हणाले. "आम्ही तर इतकी वर्षं तुमच्या नियमाने चालतो."

दादाने खाली बघत पाटीचा विषय काढला.

"कसली पाटी? ती तुम्ही कोरलीत. मला काय कळतंय त्यातलं?"

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "सगळ्यांसमोर सांग."

"माझ्या हातावरचा विश्वास जाईल गं."

"आणि अप्पांचा?"

हे मी बोलले. त्याला भरीस मी घातलं. एरवी तो अप्पांना काहीतरी थाप मारून मोकळा झाला असता आणि आपली गाडी निदान दुसऱ्या जागेवर उभी राहिली असती. आजही मी कोणावर चिडले की शेवटी स्वतःपर्यंत येऊन पोचते.

आदल्या संध्याकाळी चौकात खडूने चौकटी आखताना त्याने मधल्या चौकटीत बत्तीस लिहिलं. मला वाटलं, झाला एकदाचा माणूस सरळ.

सकाळी सातला आमची गाडी पहिली पोचली. दादाने ती घड्याळाखाली लावली आणि अप्पांना चालकाच्या जागेवर बसवून ठेवलं. फोटोच्या वेळी दिव्यापाशी उभं करायचं, तोवर पाय दुखायला नकोत. अप्पा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, मान ताठ करून समोर बघत बसले. फोटो काढणारी मुलगी शिडीवर चढून कॅमेरा लावत होती. एकेक गाडी येत गेली. रिव्हर्स नसलेली आली, ढकलायची आली. दादा हातवारे करत प्रत्येकीला तिच्या चौकटीत बसवत होता, आणि मी तुम्हाला सांगते, त्या वेळी त्याच्याकडे बघावं. एरवी मान खाली घालून चालणारा माणूस तिथे बड्याबड्यांना "अजून चार बोटं मागे" म्हणून हुकूम सोडायचा.

साडेसातला कंत्राटदार आले. जागेवर आमची गाडी बघून त्यांनी काही आरडाओरडा केला नाही. अध्यक्षांना बोलावलं. अध्यक्षांनी दादाला बोलावलं. पाठोपाठ बाकीचे मालक जमले.

आणि दादा खरंच बोलला. "यांची गाडी चौतीसची आहे. एकतीस मी कोरलं. यांनी सांगितलं म्हणून कोरलं, पण हात माझा. चूक माझी आहे."

मला वाटलं आता कंत्राटदार भडकतील. ते हसले.

"बरं. आणि तुमच्या गाडीची पाटी कोणी कोरली?"

"मीच."

"मूळची दाखवा."

दादाने वळून आमच्या गाडीकडे पाहिलं.

"कुठंय मूळची?"

"मोडीत गेली."

"म्हणजे माझं साल खोटं, कारण ते तुम्ही कोरलंत. आणि तुमचं साल खरं, कारण ते तुम्ही कोरलंत?"

कोणीतरी खुसकन हसलं. मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "आणि माझ्या गाडीची?"

"तुमची अगदी बरोबर आहे, डॉक्टर."

"ते आता कशावरून धरायचं?"

तिथे जमलेल्यांत दादाने पाट्या केलेल्या त्या सव्वीस गाड्यांचे मालक होते, आणि प्रत्येकाचा चेहरा एकदम कोरा झाला. दादाला ते दिसलं नाही. तो आपला सरळपणे म्हणाला, "तज्ज्ञ बोलवा ना. सांगाड्यावर नंबर ठोकलेला असतो, रंग खरवडला की साल निघतं. माझ्या गाडीपासून सुरुवात करा, मग सगळ्यांच्याच तपासा."

सगळ्यांच्याच! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गाडी जितकी जुनी तितकी मालकाची मान ताठ, आणि हा त्यांना सांगतो की रंग खरवडून बघा. ज्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं ते त्या दिवशी पहिल्यांदा एका सुरात बोलले. "जाऊ द्या हो आता, ऊन चाललंय."

मी मध्ये पडले. "अप्पांना विचारा! सव्वीस वर्षं त्यांनी चालवलीय ही."

"ताई, ते तुमचे वडील आहेत," अध्यक्ष म्हणाले, आणि इतक्या मऊपणे म्हणाले की मला त्यांच्या दवाखान्यातली सुई आठवली. मग त्यांनी निकाल दिला. कागदावर जे आहे ते आहे. मधली जागा कंत्राटदारांची. आणि आमच्या गाडीबद्दल आता शंका उभी राहिलीच आहे, फोटो तर कायमचा लागणार, तेव्हा यंदा ती ओळीत नकोच. "तुमच्याच हिताचं आहे," असंही वर म्हणाले.

दादाने तोंड उघडलं. मला वाटलं तो ओरडेल, निदान एक शिवी देईल. एकोणीस वर्षं यांच्यासाठी मरमर मेला होता. तो म्हणाला, "बरोबर आहे तुमचं."

मी तिथेच त्याला मारलं असतं.

तेवढ्यात कंत्राटदार आमच्या गाडीपाशी गेले होते. खिडकीशी वाकून अगदी अदबीने म्हणाले, "काका, गाडी जरा मागे घेता का? मनोऱ्याशेजारच्या त्या कमानीच्या पलीकडे."

"हो साहेब, घेतो की," अप्पा म्हणाले.

त्यांनी कोणाला विचारलं नाही, दादा कुठे आहे ते बघितलं नाही. गाडी सुरू झाली. दादा धावला, मी धावले, पण दोन्ही बाजूंना गाड्या खेटून लावलेल्या, आणि मधून आमची गाडी मागे येत होती. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस, दिसत काही नाही, बारा वर्षांत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्यांनी मान खांद्यावरून मागे वळवली, जसं काही दिसतच होतं, आणि हातभर जागेतून गाडी अलगद बाहेर काढली, वळवली, कमानीपलीकडे नेऊन भिंतीला समांतर लावली. मालक लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच कौतुकाने वाजवल्या, आणि ते मला जास्त लागलं.

आम्ही पोचलो तेव्हा अप्पा खाली उतरून रुमालाने दिवा पुसत होते. अंगाला घाम, चेहरा खुललेला.

"एका दमात काढली. कुठे घासली का बघ रे."

"नाही अप्पा," दादा म्हणाला. "कुठेच नाही."

कमानीच्या पलीकडून त्या मुलीचा आवाज आला, "एक, दोन, तीन!" मग पुन्हा एकदा.

"आता कोणाचा चाललाय?" अप्पांनी विचारलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. "बाकीच्यांचा," तो म्हणाला. "आपला झाला. तुम्ही बसला होतात ना, तेव्हाच."

"मला वाटलंच. एवढा वेळ बसवलं होतंत." अप्पांनी रुमालाची नीट घडी घातली. "मी हललो नाही अजिबात. डोळे मिटले नव्हते ना माझे?"

"नाही अप्पा. चांगले उघडे होते."

मी तोंड उघडलं नाही. एकदा त्याला खरं बोलायला लावून काय झालं होतं ते माझ्यासमोरच होतं.

"मग लावतील तेव्हा घेऊन चल मला," अप्पा गाडीत मागच्या सीटवर बसत म्हणाले. "तोवर डोळ्यांचं ऑपरेशनही झालेलं असेल. नीट बघीन."

ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली होती. दादानेच ती ठरवून घेतली होती, फोटो लागायच्या दोन दिवस आधीची.